एक्कावन्न नंबर

चेंडू दोन टप्पे खात दुसऱ्या-तिसऱ्या बेसमध्ये उभ्या शॉर्टस्टॉपकडे जातो. जोर नाही, उंची नाही. शॉर्टस्टॉप पुढे येतो, चेंडू उचलतो आणि पहिल्या बेसकडे फेकतो. फेकीत काही खोट नाही. पण चेंडू पोचायच्या आत एक सडपातळ, डावखुरा बॅटर बेसवरून पुढे निघून गेलेला असतो. अंपायर दोन्ही हात आडवे पसरतो. सेफ. मग तो माणूस चालत बेसवर परत येतो, कोपराचं पॅड काढून कोचच्या हातात देतो आणि लगेच दुसऱ्या बेसकडे बघायला लागतो.

बेसबॉलपटू इचिरो सुझुकीचं नाव निघालं की माझ्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा हे येतं. होम प्लेटपासून पहिला बेस नव्वद फुटांवर. इचिरो ते अंतर बऱ्याचदा पावणेचार सेकंदांच्या आत कापायचा, कारण चेंडू बॅटला लागत असतानाच त्याचा पाय बेसच्या दिशेने पडलेला असायचा. मारणं आणि धावणं त्याच्यात वेगळं काढता येत नव्हतं.

क्रिकेटवर वाढलेल्या वाचकांसाठी एवढंच सांगते, की बेसबॉलमध्ये बॅटर दहापैकी सात वेळा बाद होणार हे गृहीतच असतं. दहात तीन हिट, म्हणजे चेंडू मारून तीनदा सुखरूप बेस गाठला, तर उत्तम खेळाडू. आणि लोकांचा सगळा जीव होम रनवर, म्हणजे भिंतीपलीकडे मारलेल्या चेंडूवर. २००१ साली बॅरी बाँड्सने एका हंगामात ७३ होम रन मारले, तेव्हा अख्खी अमेरिका आकाशाकडे बघत होती. त्याच वर्षी सिअ‍ॅटलमध्ये इचिरोने होम रन मारले फक्त आठ. हिट मारल्या २४२. त्यातल्या कितीतरी अशाच, जमिनीवरून गेलेल्या.

आम्ही २००० सालच्या उन्हाळ्यात सांगलीहून बेलव्ह्यूला आलो. बाबांची सॉफ्टवेअरमधली नोकरी. मी दहा वर्षांची. सिअ‍ॅटल शहर तेव्हा बेसबॉलच्या बाबतीत जरा उदास होतं, हे मला शाळेतल्या मुलांच्या बोलण्यावरून हळूहळू कळलं. किंगडोम हे जुनं स्टेडियम आम्ही यायच्या काही महिने आधी स्फोटकं लावून पाडलं होतं. त्याचं मला काही वाटायचं कारण नव्हतं, पण माणसं गेली होती ते मोठं होतं. रँडी जॉन्सनला १९९८ मध्ये दुसऱ्या संघाला दिलं. केन ग्रिफी ज्युनिअर, ज्याचे पोस्टर वर्गातल्या प्रत्येकाच्या खोलीत होते, तो २००० च्या फेब्रुवारीत सिनसिनाटीला गेला. आणि डिसेंबरात अ‍ॅलेक्स रॉड्रिगेझने टेक्साससोबत २५ कोटी २० लाख डॉलरचा करार केला. तीन वर्षांत तीन मोठे खेळाडू गेले.

अशा वेळी जपानहून एक माणूस येतोय, अशी बातमी आली. सिअ‍ॅटलच्या मरिनर्स संघाची मालकी तेव्हा निन्टेन्डोच्या हिरोशी यामाउचींकडे होती. आपल्या संघाचा एकही सामना त्यांनी मैदानावर येऊन कधी पाहिला नाही, पण हा खेळाडू सिअ‍ॅटलला आला त्यात त्यांचा मोठा वाटा. त्याच्याशी नुसतं बोलण्याचा हक्क मिळावा म्हणून मरिनर्सने त्याच्या जपानी क्लबला सुमारे १ कोटी ३१ लाख डॉलर मोजले. जपानमध्ये ओरिक्स ब्लूवेव्हकडून त्याने ओळीने सात वर्षं बॅटिंगचं अजिंक्यपद मिळवलं होतं. तरी शंका होत्याच. तोवर जपानहून इथे पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, आले होते. रोज मैदानात उतरणारा बॅटर कोणी आला नव्हता. केवढासा तो, इथल्या वेगवान पिचिंगपुढे टिकेल का, असं टीव्हीवरची मोठमोठी माणसं विचारायची.

संघाचा मॅनेजर लू पिनिएलालासुद्धा काळजी होती. अ‍ॅरिझोनातल्या सरावसामन्यांत इचिरो सगळे चेंडू डावीकडे ढकलत होता. पिनिएलाने विचारलं, तू कधी चेंडू ओढून उजवीकडे मारतोस की नाही? पुढे एकदा इचिरोने चेंडू उजवीकडे भिंतीपलीकडे मारला आणि परत येऊन मॅनेजरला विचारलं, आता खूश? ही गोष्ट पिनिएलाने पुढे अनेकदा सांगितली. मला ती आवडते, कारण त्यातून कळतं की डावीकडे मारणं ही त्याची मर्यादा नव्हती. ते त्याने निवडलेलं होतं.

२ एप्रिल २००१. सेफको फील्डवर ओकलंडविरुद्ध पहिला सामना. सातव्या इनिंगमध्ये त्याची पहिली हिट पडली, पिचरच्या बाजूने मधून सरळ गेलेली. आठव्यात त्याने बंट केला, म्हणजे बॅट आडवी धरून चेंडू नुसता पुढ्यात टाकला, आणि पळून बेस गाठला. मरिनर्स ५-४ जिंकले. टीव्हीसमोर बसलेल्या बाबांना तो बंट फार भावला. म्हणाले, "बघ, एवढ्या मोठ्या लोकांत आला आणि पहिल्याच दिवशी म्हणतोय, मला जे येतं तेच मी करणार."

माझं त्याच्याशी नातं जुळलं ते मात्र खेळाच्या बाहेर. शाळेत मला रोज एक तास वर्गातून उठवून वेगळ्या खोलीत इंग्रजी शिकायला नेत. कोरियाची, युक्रेनची, सोमालियाची मुलं तिथे असायची. वर्गात मी तोंड उघडायला घाबरायची. वाक्य मनात तीनदा जुळवायची आणि तोवर विषय पुढे गेलेला असायचा. आणि इथे टीव्हीवर हा माणूस. भोवती जपानी आणि अमेरिकी पत्रकारांचा गराडा, शेजारी दुभाषी. प्रश्न विचारला की तो थांबायचा. खरोखर विचार करायचा. मग जपानीत सावकाश, पूर्ण उत्तर द्यायचा. घाईघाईत अर्धंमुर्धं इंग्रजी बोलून कोणाला बरं वाटावं, असा प्रयत्न नाही. सहकाऱ्यांशी तो इंग्रजीत बोलतो आणि पुढे स्पॅनिशमधूनही चेष्टामस्करी करायला लागला, हे मला खूप नंतर कळलं. पण तेव्हा दिसत होतं ते असं: हा माणूस आपल्यासारखाच बाहेरून आलाय, आणि जसा आहे तसाच उभा आहे. आणि शहर त्याच्या नावाचा गजर करतंय. 'इ-चि-रो', तीन तुकड्यांत. माझंही नाव तीन अक्षरी. दहा वर्षांच्या मुलीला एवढं पुरतं.

त्या वर्षी मे महिन्यात आण्णा आले. आण्णा म्हणजे माझे आजोबा, पण घरात सगळेच त्यांना आण्णा म्हणायचे. सगळी नोकरी किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात टर्नर म्हणून केलेली. लेथवर उभं राहून पाय गेले होते, पण हात आणि डोळे शाबूत. क्रिकेटचं वेड जबरदस्त. बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन ऐकत त्यांची पिढी वाढली. रेडिओवर सामना ऐकायची सवय असल्यामुळे इंग्रजी फारसं कळत नसतानाही ते डेव्ह नीहाउसचं समालोचन ऐकत बसायचे. नीहाउस १९७७ पासून, म्हणजे संघ जन्माला आल्यापासून, मरिनर्सचा आवाज. काही थरारक झालं की "माय, ओ माय!" म्हणायचा. आण्णांना आवाजावरूनच कळायचं काय झालं ते. "गेला... गेला... न्हाई, धरला," असं ते मला स्वयंपाकघरात ओरडून सांगायचे, आणि ते बरोबर असायचं.

आम्ही ५५० नंबरच्या बसने सामन्याला जायचो. लेक वॉशिंग्टनवरचा तरंगता पूल ओलांडून इंटरनॅशनल डिस्ट्रिक्टला उतरायचं आणि तिथून चालत. येताना कधी उवाजिमायामधून तांदूळ, आलं, कोथिंबीर. स्टेडियमला लागूनच रेल्वेची लाइन आहे; मालगाडी गेली की इंजिनाचा भोंगा थेट मैदानात घुमतो. आण्णांना तो भोंगा आवडायचा. त्यांचा दिवस नोकरीभर भोंग्यावरच सुरू झालेला.

आमच्या जागा वरच्या मजल्यावर, उजव्या बाजूला. तिथून राइट फील्ड, म्हणजे इचिरोची जागा, अगदी खाली दिसायचं. आण्णांनी माझ्याकडून दुर्बीण घेतली ती परत दिलीच नाही. चेंडू कुठे गेला यापेक्षा ते इचिरो काय करतोय ते बघत बसायचे. आणि बघण्यासारखं पुष्कळ होतं. बॅटिंगला यायच्या आधी तो खाली बसून मांड्या ताणायचा, खांदे एकेक करून आत वळवायचा. प्लेटपाशी आला की उजव्या हाताने बॅट पिचरच्या दिशेने सरळ उभी धरायची, डाव्या हाताने उजव्या खांद्यावरची बाही किंचित वर ओढायची, मग बॅट मागे. प्रत्येक वेळी. पाच-शून्यने पुढे असो की मागे. फील्डवर दोन पिचच्या मधल्या वेळेतसुद्धा तो स्वस्थ उभा नसायचा. कधी वाकून पाय ताणतोय, कधी कंबर फिरवतोय.

एकदा तो बाद झाला. महत्त्वाच्या क्षणी, बेसवर माणसं असताना. आधीच्या इनिंगमध्ये अशाच वेळी दुसऱ्या एका खेळाडूने बॅट आपटली होती, हेल्मेट भिरकावलं होतं. इचिरो चालत डगआउटपर्यंत आला, पायऱ्या उतरला आणि बॅट हलक्या हाताने जागेवर ठेवली. आण्णांनी दुर्बीण खाली केली.

"पोरी, बघितलंस का? हत्यार कसं ठेवतंय ते."

घरी आल्यावर बाबांनी वर्तमानपत्रातलं वाचून दाखवलं. त्याच्या बॅटी जपानमध्ये खास त्याच्यासाठी बनतात, आणि दमटपणाने लाकडाचं वजन बदलू नये म्हणून तो त्या वेगळ्या पेटीत ठेवतो. सामना संपला की बाकीचे अंघोळीला जातात, हा खुर्ची ओढून बसतो आणि आपला ग्लोव्ह स्वतः पुसतो, बुटांची माती काढतो. आण्णा किती वेळ गप्प होते. मग त्यांनी मला सांगितलं की ते कामावर असताना मायक्रोमीटर वापरून झाला की मऊ फडक्याने पुसून, तेलाचं बोट लावून डबीत ठेवायचे. नव्या पोरांना पहिले काही दिवस ते तेवढंच शिकवायचे, लेथला हात लावू द्यायचे नाहीत. "ज्याला हत्यार सांभाळता येतं त्याला काम येतं," एवढंच म्हणाले. लहानपणी मी त्यांच्या तोंडून कामाबद्दल फार ऐकलं नव्हतं. त्या उन्हाळ्यात इचिरोच्या निमित्ताने ऐकलं. टॉलरन्स म्हणजे काय, जॉब चकमध्ये सरळ बसला नाही तर पुढचं सगळं वाकडं कसं जातं, हाताला कंप कधी कळतो.

आण्णा यायच्या आधी, ११ एप्रिलला ओकलंडमध्ये त्याने जी फेक केली ती तर आता बेसबॉलच्या इतिहासात जमा आहे. टेरेन्स लाँग पहिल्या बेसवर, पुढच्या बॅटरने राइट फील्डला सिंगल, म्हणजे एका बेसपुरती हिट, मारली. अशा वेळी धावणारा तिसऱ्या बेसपर्यंत जातोच. लाँग गेला. इचिरोने धावत येऊन चेंडू उचलला आणि तिसऱ्या बेसवर फेकला. चेंडू वर चढलाच नाही. जमिनीपासून थोड्याशा उंचीवरून सरळ रेषेत, टप्पा न घेता, थेट बेसवर उभ्या असलेल्या डेव्हिड बेलच्या ग्लोव्हमध्ये, आणि लाँग तिथे येऊन आयताच सापडला. रेडिओवरच्या समालोचकाने त्याला लेझर बीम म्हटलं. आण्णांसाठी मी व्हीसीआरवर ती टेप लावली. त्यांनी ती थांबवून थांबवून पाहिली. त्यांना पाय बघायचे होते. हात तर सगळ्यांना दिसतो म्हणे.

सप्टेंबर आला. ११ तारखेनंतर बेसबॉल जवळपास आठवडाभर बंद होतं. आण्णा बाहेर पडताना नेहमी पांढरी टोपी घालायचे. सांगली जिल्ह्यातल्या त्या वयाच्या माणसांची असते तशी. त्या दिवसांत डोक्यावर काही वेगळं असलेल्या लोकांवर हल्ले होत होते. बाबा एके संध्याकाळी मरिनर्सची निळी कॅप घेऊन आले. आण्णांनी का म्हणून विचारलं नाही. पांढरी टोपी घडी करून बॅगेत ठेवली आणि कॅप घातली. १९ तारखेला संघाने विभागाचं अजिंक्यपद नक्की केलं. शॅम्पेन उडवली नाही. खेळाडू मैदानाच्या मधोमध गुडघ्यावर बसले, मग एकाने झेंडा हातात घेतला आणि सगळे त्याच्यामागून मैदानभर फिरले. त्या घोळक्यात इचिरोही होता. आम्ही घरी बघत होतो. त्याला त्या घोळक्यात चालताना बघून मला किती धीर आला हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही.

त्या वर्षी मरिनर्सने ११६ सामने जिंकले. शिकागो कब्जने १९०६ मध्ये केलेल्या विक्रमाची बरोबरी. इचिरोला एकाच हंगामात सर्वोत्तम नवोदित आणि सर्वोत्तम खेळाडू हे दोन्ही मान मिळाले. त्याआधी हे फक्त फ्रेड लिनला १९७५ मध्ये जमलं होतं. आणि तरी ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या यँकीजनी आम्हाला पाच सामन्यांत घरी बसवलं. मी रडले. त्याच आठवड्यात खंडेनवमी आली. आण्णांनी बाबांचं स्क्रूड्रायव्हरचं पाकीट, आईची सुरी, माझी सॉफ्टबॉलची बॅट आणि ग्लोव्ह, सगळं पाटावर मांडलं, हळदकुंकू लावलं, झेंडूऐवजी अंगणातली शेवंती वाहिली. नंतरच्या आठवड्यात ते परत गेले. कॅप घेऊन गेले.

२००४ चा संघ अगदीच वाईट होता; ९९ सामने हरला. सप्टेंबरपर्यंत स्टेडियमला जायचं एकच कारण उरलं होतं. जॉर्ज सिस्लरने १९२० मध्ये एका हंगामात २५७ हिट मारल्या होत्या. चौऱ्याऐंशी वर्षं तो आकडा कोणाला गाठता आला नव्हता. १ ऑक्टोबरला टेक्सासविरुद्ध इचिरोने पहिल्या इनिंगमध्ये बरोबरी केली आणि तिसऱ्या इनिंगमध्ये पिचरच्या बाजूने मधून २५८ वी हिट काढली. सगळा संघ मैदानात धावत आला आणि त्याच्याभोवती जमला. फटाके उडत होते. त्या गोंगाटातून तो वाट काढत प्रेक्षकांच्या कठड्याकडे गेला. तिथे सिस्लरची ऐंशी ओलांडलेली मुलगी बसली होती. त्याने तिच्याशी हात मिळवला, आणि मग तो खेळायला परतला.

मी फोनकार्ड घासून वाडीला फोन लावला. आण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ज्याचा इक्रम मोडला, त्याच्या घरचं कोण होतं का?" मी म्हटलं, हो आण्णा, मुलगी होती, आणि तो आधी तिला भेटायला गेला. "मग झालं," म्हणाले. पुढे २००९ मध्ये ऑल-स्टार सामन्यासाठी सेंट लुइसला गेला असताना इचिरो बायकोला घेऊन सिस्लरच्या थडग्यावर फुलं वाहून आला. तेही मी त्यांना कळवलं.

त्याच्यावर टीकाही झाली, आणि तीसुद्धा त्याच्या चाहत्यांनी नीट ऐकायला हवी. हंगामाच्या शेवटी त्याच्या २६२ हिट झाल्या, त्यातल्या २२५ सिंगल. लोक म्हणायचे, हा आकड्यांसाठी खेळतो. सरावात एवढे होम रन मारतो, मग सामन्यात का नाही? संघ तळाला, आणि हा आपला एकेक हिट गोळा करतोय. मला यातलं थोडं पटतं. चार वाईट चेंडू सोडून चालत बेस घेणं त्याला आवडायचं नाही, आणि पाच धावांनी मागे पडलेल्या संघाला कधी कधी त्याच्याकडून वेगळं काही हवं असणार. पण त्या संघात तो एकटाच होता ज्याने ९९ पराभवांच्या वर्षातही एकही दिवस कमी तयारीने मैदानात पाऊल ठेवलं नाही. हरलेल्या सामन्याच्या नवव्या इनिंगमध्ये, निम्मं स्टेडियम रिकामं झाल्यावर, तो शॉर्टस्टॉपकडे गेलेल्या चेंडूवर पहिल्या सामन्यातल्याइतकाच जीव तोडून धावायचा. मी त्या रिकाम्या स्टेडियममध्ये पुष्कळदा बसलेली आहे. त्याला स्वार्थी म्हणणाऱ्यांनी ते पाहायला हवं होतं.

कॉलेजात गेल्यावर मी त्याच्याविषयी मिळेल ते वाचलं. त्यातल्या एका गोष्टीने माझं कौतुक जरा गंभीर झालं. नागोयाजवळच्या तोयोयामा गावात वडिलांनी त्याला तिसरीत असल्यापासून रोज सरावाला जुंपलं. रोज म्हणजे रोज. सहावीत असताना त्याने शाळेत निबंध लिहिला: मला व्यावसायिक बेसबॉलपटू व्हायचंय, वर्षाच्या ३६५ दिवसांपैकी ३६० दिवस मी कडक सराव करतो, म्हणून मित्रांबरोबर खेळायला आठवड्यात जेमतेम पाच-सहा तास मिळतात, आणि मी मोठा खेळाडू झालो की ज्यांनी मला मदत केली त्यांना तिकिटं देऊन सामना बघायला बोलावीन. हा निबंध जपानमध्ये प्रेरणादायी म्हणून मुलांना दाखवतात. मला तो वाचून पोटात तुटलं. त्या सरावाचा आपल्याला जाच झाला, हे त्याने स्वतः पुढे सांगितलेलं आहे. बाही ओढणारा, खांदे ताणणारा जो इचिरो मी दुर्बिणीतून पाहिला, त्याच्या मागे खेळायला वेळ न मिळालेला एक मुलगा होता. आपल्याकडेही स्पर्धापरीक्षा आणि क्रिकेट अकादम्यांच्या नादात असे निबंध लिहिणारी मुलं आहेत, आणि त्यांतला इचिरो कोणी होत नाही. त्याच्या शिस्तीचं मला अपार कौतुक आहे. ती शिस्त लहान मुलावर लादण्याचं नाही. या दोन गोष्टी मी आता वेगळ्या ठेवते.

एक गोष्ट मात्र त्याने स्वतः मिळवली होती. ओरिक्समधल्या त्याच्या पहिल्या मॅनेजरला त्याची लोलकासारखी पाय झुलवत मारायची पद्धत पसंत नव्हती. त्याला दुय्यम संघात पाठवलं. त्याने पद्धत बदलली नाही. १९९४ मध्ये अकिरा ओगी मॅनेजर झाले, त्यांनी त्याला आहे तसा खेळू दिलं, आणि सुझुकी हे आडनाव जपानमध्ये फार सामान्य म्हणून शर्टावर नुसतं 'इचिरो' लिहायला लावलं. त्या वर्षी १३० सामन्यांत २१० हिट. पुढच्या जानेवारीत कोबेला भूकंप झाला. हजारो माणसं गेली. ओरिक्सच्या खेळाडूंनी बाहीवर कोबेला धीर देणारी अक्षरं लावली आणि त्याच वर्षी लीग जिंकली. सिअ‍ॅटलला येण्याआधीच एका मोडलेल्या शहरासाठी तो खेळलेला होता.

२३ जुलै २०१२ ला त्याने स्वतः मागितलेली बदली झाली: यँकीजकडे, तेही ते सिअ‍ॅटलमध्ये खेळायला आलेले असताना. सकाळी मरिनर्सचा, संध्याकाळी त्याच मैदानावर समोरच्या संघाचा. पाठीवर ३१. पहिल्यांदा बॅटिंगला आला तेव्हा सगळं स्टेडियम उभं राहिलं. त्याने हेल्मेट काढलं आणि दोन्ही बाजूंना वाकून नमस्कार केला. मग सिंगल मारली.

टोकियोतला शेवट मी रात्रभर जागून पाहिला. मार्च २०१९, तो पंचेचाळीस वर्षांचा, पुन्हा मरिनर्सच्या शर्टात, समोर पुन्हा ओकलंड. दोन सामन्यांत एकही हिट नाही. शेवटची बॅटिंग २१ तारखेला आठव्या इनिंगमध्ये, आणि चेंडू शॉर्टस्टॉपकडेच गेला. तो धावला. एका पावलाने बाद. पुढे तो राइट फील्डला जाऊन उभा राहिला, तिथून त्याला आत बोलावलं, एकेकाला मिठी मारत तो डगआउटमध्ये गेला. मरिनर्स १२ इनिंगनंतर जिंकले, ५-४. पहिल्या सामन्याचाही स्कोअर तोच होता.

मध्यरात्रीनंतर त्याने पत्रकारांशी एक तासाहून जास्त वेळ बोलून निरोप घेतला. त्यात शेवटी तो जे बोलला ते मी जपून ठेवलं आहे. अमेरिकेत आल्यावर मी परदेशी झालो, असं तो म्हणाला. परदेशी झाल्यामुळे दुसऱ्याच्या मनाचा विचार करता यायला लागला, त्याच्या दुःखाची कल्पना करता यायला लागली; जो मी आधी नव्हतो तो झालो, आणि हे पुस्तकातून मिळालं नसतं. दहा वर्षांच्या मला त्याच्याकडे बघून जे वाटत होतं, ते त्यालाही आतून वाटत होतं तर. शंभर कॅमेऱ्यांसमोर शांत उभा असलेला तो माणूस एकटा होता, आणि त्या एकटेपणाचं त्याने काहीतरी चांगलं केलं होतं. इतकी वर्षं चाहती राहिलेल्या मला याहून मोठी पावती काय हवी?

आकडे सगळ्यांना पाठ आहेत, तरी लिहिते. अमेरिकेत ३,०८९ हिट, जपानमधल्या १,२७८ धरून ४,३६७. ओळीने दहा हंगाम दोनशेच्या वर हिट. ५०९ बेस चोरले, म्हणजे कोणी हिट न मारताच धावून पुढचा बेस घेतला. २०२५ च्या जानेवारीत हॉल ऑफ फेमसाठी ३९४ पैकी ३९३ मतं पडली. जुलैत कूपर्सटाउनच्या मंचावर उभं राहून त्याने भाषण केलं, जवळजवळ सगळं इंग्रजीत, दुभाष्याशिवाय. बाबा आणि मी शेजारी बसून ऐकत होतो. बाबा म्हणाले, त्याला येत होतं, फक्त त्याची वेळ त्याने ठरवली.

ऑगस्टमध्ये मरिनर्सने त्याच्या शर्टाचा ५१ नंबर त्याच्या नावाने निवृत्त केला, म्हणजे तो आता दुसऱ्या कोणाला मिळणार नाही. तो नंबर आधी रँडी जॉन्सनचा. सिअ‍ॅटलला येताना इचिरोने जॉन्सनला निरोप पाठवला होता, की तुमच्या नंबरला मी कमीपणा आणणार नाही. २०२६ मध्ये तोच ५१ जॉन्सनच्याही नावाने निवृत्त करायचं संघाने जाहीर केलं, आणि ते मला फार योग्य वाटतं.

तुम्ही कोणी सिअ‍ॅटलला याल तर सामन्याच्या वेळेला येऊ नका. दारं उघडल्याबरोबर आत शिरा आणि उजव्या बाजूला खाली कठड्यापाशी जाऊन उभे राहा. पन्नाशी ओलांडलेला इचिरो अजूनही घरच्या सामन्यांआधी पूर्ण गणवेश चढवून तरुण खेळाडूंबरोबर सराव करतो. नशीब असेल तर तो चेंडू फेकताना दिसेल. मुलं बरोबर असतील तर त्यांना सांगा, पाय बघा.